कोल्हापुरातलं लग्न: बाहेरगावच्या पाहुण्यांच्या खोल्या कशा ठरवाव्यात

तारीख आणि कार्यालय पक्कं झालं की त्याच आठवड्यात खोल्यांच्या मागे लागा. मोठ्या तिथीला शहरातली बरीच कार्यालयं एकदमच लागतात. त्यात शनिवार-रविवार आला तर अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दीही त्याच लॉजवर येते. तीन-चार महिने आधी विचारलं तर पंधरा-वीस खोल्या एका छताखाली मिळण्याची शक्यता असते. उशीर झाला की त्याच खोल्या तीन ठिकाणी विखुरतात आणि मंडळींना कार्यालयात आणण्यासाठी गाड्यांच्या फेऱ्या वाढतात.

नुसती माणसं मोजून भागत नाही, रात्री मोजाव्या लागतात. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असेल तर मुलाकडच्यांना ती रात्र लागणारच. लग्नानंतर जोतिबाला जाणारे आणखी एक रात्र राहतात. समजा 50 माणसं आहेत: 10 जोडपी, लहान मुलं असलेली चौघांची 4 कुटुंबं आणि 14 सुटी माणसं. जोडप्यांना 10 खोल्या, कुटुंबांना जादा गादीसह 4, सुट्यांना तिघं-तिघं धरून 5. झाल्या 19. वर एक मोकळी ठेवा, कारण ऐनवेळी कोणीतरी येतंच. कार्यालयाच्या भाड्यात मिळणाऱ्या खोल्या यात धरू नका. त्या नवरा-नवरीची तयारी आणि सामान यातच जातात.

सगळ्यात जास्त घोळ येण्या-जाण्याच्या वेळांवर होतो. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने येणारे सकाळी स्टेशनवर उतरतात आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी 12 किंवा 2 ला. परतीची महालक्ष्मी रात्रीची, खोली मात्र सकाळीच सोडायची. यासाठी सगळ्या खोल्या एक दिवस वाढवणं महाग पडतं. दोन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या, म्हणजे सकाळी उतरलेल्यांची अंघोळ आणि चहा तिथे होईल. दोन खोल्या लग्नाच्या रात्रीपर्यंत ठेवा, बॅगा आणि कपडे बदलण्यासाठी. काही लॉजवर 24 तासांचा हिशेब असतो. तिथे खोली ज्या वेळी घेतली तेव्हापासून दिवस मोजतात, म्हणून प्रत्येक खोली घेतल्याची वेळ लिहून ठेवा.

भाव ठरवताना तोंडी शब्दावर थांबू नका. व्हॉट्सॲपवर का होईना, हे लिहून घ्या: खोल्यांची संख्या आणि प्रकार, दर, जादा गादीचे पैसे, नाश्ता धरला आहे का, ॲडव्हान्स किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत किती खोल्या पैसे न कापता परत करता येतील. शेवटची अट सगळ्यात मोलाची. महिनाभर आधी चार-पाच खोल्या सोडता येतील आणि आठवडाभर आधी आकडा पक्का होईल, असं मागून पाहा. ही तारीख ठरली नसेल तर न आलेल्या पाहुण्यांच्या खोल्यांचंही भाडं तुमच्यावर बसतं. जीएसटी दरात धरला आहे की वर, हेही विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आहे, त्यापुढे 18. जुन्या 12 टक्क्यांनी काढलेलं कोटेशन आलं तर दुरुस्त करून घ्या.

पैसे देण्याआधी हॉटेल प्रत्यक्ष बघाच. लिफ्ट चालू आहे का, कमोड किती खोल्यांत आहे, बस किंवा ट्रॅव्हलर लावायला जागा आहे का आणि ड्रायव्हर कुठे झोपणार, हे बघा. गरम पाण्याची वेळ तर नक्की विचारा. बऱ्याच ठिकाणी सोलरचं पाणी ठरावीक वेळच येतं, आणि सकाळच्या मुहूर्ताला वीस खोल्यांत एकदम अंघोळी सुरू झाल्या की शेवटच्यांना गारच मिळतं. मुहूर्त लवकरचा असेल तर पहाटे बॉयलर लावायचं कबूल करून घ्या.

मग रूमवाटपाची यादी: खोली क्रमांक, नावं, मोबाइल, येण्याची आणि जाण्याची वेळ. आजी-आजोबांना पहिला मजला किंवा लिफ्टजवळची खोली द्या. रात्री जागणारी तरुण मंडळी वरच्या मजल्यावर. यादी चार-पाच दिवस आधी रिसेप्शनवर द्या आणि दोन्हीकडचा एकेक माणूस नेमा, कारण लग्नघरातल्या यजमानाला त्या दिवशी फोन घ्यायला सवड नसते. प्रत्येक मोठ्या माणसाला ओळखपत्र आणायला आधीच कळवा. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांची नोंद हॉटेलला 24 तासांत ऑनलाइन करावी लागते. काही छोटी लॉज त्या कटकटीमुळे त्यांना खोली देत नाहीत, तेव्हा बुकिंगच्या वेळीच सांगा.

मेंदी आणि हळदीचे डाग चादरींवर पडले की हॉटेल पैसे लावतं. ज्या खोलीत मेंदी काढायची तिथे जुन्या चादरी मागून घ्या.

खोलीभाडं तुम्ही भरणार आणि जेवण, लाँड्री पाहुणे स्वतः, असं असेल तर रिसेप्शनला लेखी सांगा आणि पाहुण्यांच्या कानावरही आधी घाला. तसं केलं नाही तर सगळं एकाच बिलात चढतं. रोज रात्री त्या दिवसाच्या खोल्यांचा आकडा नेमलेल्या माणसाने रजिस्टरशी ताडून घ्यावा. शेवटच्या दिवशी आधी ॲडव्हान्स वजा झाला आहे का ते बघा, मगच बाकी पैसे द्या.