मधपेटी डुगडुगते, चौकटी अडकतात: माझा अनुभव

सातेरी (आपल्याकडच्या देशी) मधमाश्यांसाठी लाकडी मधपेटीचा सुटा संच मागवला आणि बोरिवलीतल्या घरी जोडला. पेटी तळपाटावर डुगडुगायची, टोपणाचा एक कोपरा वर राहायचा आणि कडेच्या दोन चौकटी (ज्यांत माश्या पोळं बांधतात) खाली उतरताना अडकायच्या. चौकटी कानसून पाहिल्या, कोपऱ्यांत जादा खिळे मारले, फरक शून्य. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

दोष चौकटींचा नव्हताच. पेटी कर्णात तिरकी होती. आतले दोन्ही कर्ण टेपने मोजले, तर ६ मिमीचा फरक!

मग असं केलं. खिळे उपसून चारही फळ्या सुट्या केल्या. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत लाकूड फुगतं, म्हणून त्या सावलीत पंख्याखाली, मध्ये पट्ट्या ठेवून पूर्ण सुकवल्या. उन्हात ठेवू नका, फळी वाकते. सांध्यांना पाण्यात टिकणारा सरस लावून पेटी सपाट लादीवर उभी केली. भोवती सुतळीचे दोन वेढे घेऊन त्यांत काठी घालून पीळ दिला. पुन्हा कर्ण मोजले. जो लांब, त्याची दोन टोकं आत दाबली. दोन्ही कर्ण मिमीपर्यंत जुळल्यावरच खिळे ठोकले, तेही आधी बारीक भोक पाडून, म्हणजे कड चिरत नाही. सुतळी रात्रभर तशीच ठेवली.

आता चौकटी बोटाने सरकतात, माश्यांना ये-जा करायची मधली फट सगळीकडे सारखी आहे. ती अरुंद झाली तर माश्यांना नीट ये-जा करता येत नाही, रुंद झाली तर त्या तिथे पोळं बांधतात. रंग फक्त बाहेरून द्या, आतून अजिबात नको.