हौशी नेमबाजीसाठी परवडणारं पॉइंट टू-टू पिस्तूल कसं निवडावं

रेंजवर नवीन कुणी आलं की मागणी ठरलेली असते: "लहान कॅलिबरचं, परवडणारं, छोटंसं पिस्तूल सुचवा." यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी मान्य करते आणि तिसरीवर काट मारते. कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, लहान हवंच, पिस्तूल मात्र चांगलं थोराड घ्या.

खिशात मावणारं पिस्तूल दिसायला गोंडस आणि चालवायला महाकठीण. मुठीवर जेमतेम दोन बोटं बसतात, करंगळी लटकत राहते. वजन नसल्यामुळे हात जरा थरथरला की नळीचं टोक नाचतं. त्यात सगळ्यात मोठा घोळ दोन साइटमधल्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधल्या अंतराचा. पुढची आणि मागची साइट एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर असतील आणि पुढची साइट एकच मिलिमीटर बाजूला गेली, तर १५ मीटरवरच्या कागदावर गोळी १५ सेंटिमीटर लांब लागते. तेच अंतर २० सेंटिमीटर असलं की ही चूक साडेसातवर येते. नेमबाज तोच, हात तोच, फक्त नळी लांब. म्हणून मजेसाठी, कागदावर आणि डब्यांवर नेम धरण्यासाठी साडेचार-पाच इंचांची किंवा त्याहून थोडी लांब नळी बघा आणि वजनाला घाबरू नका. एक किलोचं पिस्तूल दुकानात जड वाटतं, पण गोळी सुटताना तेच वजन तुमच्या बाजूने काम करतं.

पिस्तूल पसंत करण्याआधी तुम्ही राहता तिथला परवान्याचा नियम नीट समजून घ्या: कोणतं कॅलिबर चालतं, मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतात, घरी कसं ठेवायचं, कुठे चालवायचं. काही ठिकाणी हे एका दिवसाचं काम असतं, काही ठिकाणी महिन्यांचं. हे बाकी असताना मॉडेलवर चर्चा करणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते.

आता कॅलिबर. हौशी माणसाने .२२ लाँग रायफल, म्हणजेच पॉइंट टू-टू, सोडून दुसरीकडे बघायचं कारण नाही. नावात रायफल असलं तरी पिस्तुलातही हेच चालतं. १८८७ साली आलेलं हे काडतूस अजून बाजारात आहे, कारण ते स्वस्त पडतं. ठिणगी देणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, मध्यभागी वेगळी टोपी बसवावी लागत नाही. पितळही थोडंच, शिसंही थोडंच. नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची. बहुतेक बाजारांत मोठ्या पिस्तुलांच्या नऊ एमएमच्या एका काडतुसाच्या पैशात याची दोन तरी येतात. धक्का इतका कमी की नवखा माणूस डोळे मिटत नाही, आणि डोळे न मिटणं हाच नेमबाजीचा पहिला धडा. हौशी लोकांपुरतंच हे काडतूस आहे असंही नाही. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यातही .२२ लाँग रायफलच वापरतात.

दुकानदार .२५ एसीपी किंवा .३२ एसीपी पुढे करेल. दोन्ही जुनी आणि नावाजलेली काडतुसं, एक १९०५चं, दुसरं १८९९चं. पण त्यांची पिस्तुलं बहुतेक खिशातलीच, आणि काडतुसं .२२पेक्षा बरीच महाग. .२२ मॅग्नम १९५९ला आलं. त्याचा आवाज मोठा, खर्च जास्त, आणि कागदावर पडणारं भोक तेवढंच. पुढे जा.

स्वस्त काडतुसाचा तोटाही ऐकून ठेवा. मसाला कडेत असल्यामुळे तो कधी कधी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, आणि पिन नेमकी रिकाम्या जागी आदळते. टक् असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग काडतूस काढायचं. रिकामी टोपणं, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारी पितळी नळकांडी, घरी पुन्हा भरायची म्हणाल तर तेही या जातीत जमण्यासारखं नाही.

परवडणारं म्हणजे काय, हे पिस्तुलाच्या किमतीवरून ठरवू नका. हजार काडतुसांचा खर्च काढा, कारण .२२ हातात आलं की हजाराचा आकडा बघता बघता गाठला जातो. काही पिस्तुलं फक्त वेगवान, महागडीच काडतुसं गोड मानून घेतात. साधी घातली की दर मॅगझिनला अडकतात. त्यात अडकण्यामागे कारण आहे. बहुतेक .२२ सेमी-ऑटोमध्ये (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी पिस्तुलं) गोळीच्या जोरानेच बोल्ट किंवा स्लाईड हा सरकता भाग मागे ढकलला जातो. स्प्रिंग आणि वजन एका ठरावीक जोरावर बेतलेलं असतं. काडतूस मवाळ निघालं की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामं टोपण तोंडाशीच चिमटलं जातं. म्हणून विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या मालकांना एकच विचारा: सर्वांत स्वस्त डबा घातला तर चालतं का?

रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटो? सगळ्यात कमी पैशात बाहेर पडायचं असेल तर सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर. हेरिटेजचं रफ रायडर आणि २०१९मध्ये आलेलं रूगरचं रँगलर, ही दोन नावं सगळीकडे ऐकू येतील. दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मग ट्रिगर. काडतुसं बाजूच्या छोट्या झाकणातून एकेक सरकवायची, रिकामी टोपणं दांड्याने एकेक बाहेर ढकलायची. चिडका माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. मला स्वतःला हा संथपणा फार आवडतो: काडतुसं पुरतात, आणि शिकणाऱ्याला गोळी कुठे गेली याचा विचार करायला वेळ मिळतो. काडतूस मवाळ असो की तिखट, रिव्हॉल्व्हरला फरक पडत नाही; .२२ शॉर्ट हे आखूड काडतूससुद्धा त्यातून चालतं. फटका वाया गेला तरी पुन्हा घोडा ओढा, चक्रातलं पुढचं घर समोर येतं, पण वर सांगितलेलं अर्ध्या मिनिटाचं थांबणं इथेही चुकत नाही. यांच्या साइट बहुतेक ठोकळ असतात, हलवता येत नाहीत. गोळी दोन बोटं डावीकडे लागते तर डावीकडेच लागत राहणार. जुनं, आजोबांच्या काळातलं सिंगल-अ‍ॅक्शन हाती आलं तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. खाली पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आतमध्ये जी पट्टी आता बऱ्याच नव्यांत असते, ती त्यांत नसते.

डबल-अ‍ॅक्शन .२२ रिव्हॉल्व्हर, म्हणजे ज्यात ट्रिगर ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडतो, ते मी सहसा सुचवत नाही. कडेचा मसाला पेटवायला फटका जोरात लागतो, म्हणून त्यांचा ट्रिगर कडक असतो. चांगलं हवं असेल तर किंमत सेमी-ऑटोच्या वर जाते, आणि स्वस्तातलं घेतलं तर बोट दुखतं.

माझं मत सेमी-ऑटोकडे झुकतं, तेही ज्याची नळी फ्रेमला घट्ट बसवलेली आहे आणि मागचा बोल्ट तेवढा सरकतो अशाकडे. रूगरने १९४९ साली असंच एक पिस्तूल काढून कंपनी सुरू केली, आणि त्याचीच वंशावळ अजून चालू आहे: १९८२चं मार्क टू, २०१६चं मार्क फोर. ब्राउनिंगचं बक मार्क १९८५चं, स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी २०१६चं. यांतलं कोणतंही घ्या, नेम तुमच्यापेक्षा त्याचा चांगला असेल. फरक साफसफाईत. मार्क फोर मागचं एक बटण दाबलं की उघडतं. मार्क टू आणि मार्क थ्री उघडतात, पण पुन्हा जोडताना पिस्तूल उलटंसुलटं करत आतली छोटी कळ बरोबर जागी पडेपर्यंत कसरत करावी लागते. चांगले शांत स्वभावाचे लोक त्यापायी टेबलावर हात आपटताना मी पाहिलेत. सेकंडहँड मार्क टू स्वस्त मिळालं तर जरूर घ्या, पण विकणाऱ्याकडून दोनदा जोडून दाखवायला लावा. आणि मार्क फोर जुनं घेत असाल तर नंबर तपासा: १ जून २०१७च्या आधी बनलेली कंपनीने सेफ्टीच्या दोषापायी परत मागवली होती. तुमचं त्यात येतं की नाही, ते नंबरवरून कळतं.

मोठ्या पिस्तुलांसारखी सरकती स्लाईड असलेलीही .२२ आहेत: वॉल्थर पी२२, रूगर एसआर२२, २०१९चं टॉरस टीएक्स२२. ही हलकी, स्लाईड ओढायला सोपी, टॉरसमध्ये तर १६ काडतुसं मावतात. ज्याला पुढे मोठं पिस्तूल चालवायला शिकायचंय त्याला ती बरी. निव्वळ कागदावर गोळ्या एकत्र पाडायच्या असतील तर घट्ट नळीवालं पिस्तूल पुढेच.

हातात घेतल्यावर आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याची खात्री डोळ्यांनी आणि करंगळीने करून घ्या, दुकानदाराने नुकतीच केली असली तरी. नळी कायम कुणी नसलेल्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. मग मूठ वळवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतंय का? पोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते तुमच्या हाताचं नाही, कितीही सवलत देवोत. मॅगझिनमध्ये दहा नकली काडतुसं भरायला लावा. बाजूला अंगठ्याने खाली ओढायचं बटण असेल तर भरणं सुखाचं. नसेल तर शंभराव्या काडतुसाला नख दुखायला लागतं, आणि .२२मध्ये शंभर म्हणजे सुरुवात. ट्रिगर रिकामा ओढून बघायचा तर आधी विचारा. कित्येक .२२मध्ये चेंबर रिकामं असताना पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खळगा पडतो.

हाच खळगा वापरलेलं पिस्तूल घेताना शोधायचा. टॉर्च मारून चेंबरचा काठ बघा. एका जागी धातू आत दाबलेला दिसला तर तिथे काडतूस अडकणार. नळीच्या आतून बघताना एखादं काळं कडं दिसलं तर कधीतरी गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी झाडलेली आहे. हातातलं खाली ठेवा. रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा पूर्ण ओढून चक्र हलवून बघा, खूप खुळखुळत असेल तर नको.

घरी आणलं की एकाच जातीची पाच हजार काडतुसं घेऊन बसू नका. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पन्नास-पन्नासचे डबे घ्या आणि कोणत्या डब्यात किती वेळा अडलं ते कागदावर टिपा. न पेटलेलं काडतूस फेकण्याआधी त्याची कड उजेडात धरा. पिनची खूण खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. खूण जेमतेम उमटली असेल तर पिस्तूल मळलंय, नाहीतर पिन झिजलीय. आणि एखाद्या वेळी नेहमीच्या आवाजाऐवजी फुस्स झालं तर तिथेच थांबा, पिस्तूल रिकामं करा, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

लहान काडतूस आहे म्हणून कुणी सैल वागलं तर मी त्याला लाइनवरून मागे घेते. .२२च्या डब्यांवर दीड मैलांपर्यंत धोका असल्याची सूचना छापतात ती उगीच नाही. दगड, पाणी, पातळ वाकडा पत्रा यांवरून ही मऊ शिशाची गोळी उसळते; मागे मातीचा भक्कम बांध हवा. चष्मा आणि कानांचं संरक्षण सगळ्यांना, बघ्यांनासुद्धा. गरम टोपण गळ्यातून सदऱ्यात गेलं की माणूस पिस्तुलासकट गरकन वळतो, म्हणून गळ्याशी बंद असलेला सदरा घाला. रेंजवर खाणं नाही, आणि घरी जाण्याआधी साबणाने हात, कारण शिसं बोटांना चिकटतं.

पिस्तूल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, एवढं झाल्यावर पैसे उरले तर ते रेड डॉटवर, म्हणजे लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटवर, घालू नका. चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसायला लागली असेल तर गोष्ट वेगळी. त्याऐवजी जादा मॅगझिनं घ्या आणि त्यांच्या बुडावर मार्करने १, २, ३ असे आकडे घाला. पिस्तूल अडलं की आकडा टिपा. दर वेळी २ नंबरचीच निघाली तर कारागिराकडे पिस्तूल घेऊन जायची गरज नाही, ती मॅगझिन बदला.