परसबागेतील ठिबक: आधी टाकीची उंची मोजा, मग नळी आणा

परसबागेत ठिबक बसवायचे असेल तर फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य हा काळ हातचा जाऊ देऊ नये. बसवल्यावर कुठे गळते, कुठे पाणी पोहोचत नाही हे कळायला पंधरा दिवस लागतात. हे पंधरा दिवस एप्रिलमध्ये आले, तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वाफ्यातली भाजी त्याआधीच माना टाकते.

घरगुती ठिबकाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ दाबात असते. ड्रिपरवर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीवर, 4 लिटर असे लिहिलेले असते, ते तासाला 4 लिटर, आणि तेही साधारण 1 किलो दाबाला. 1 किलो दाब म्हणजे पाण्याची 10 मीटर उंची. शेतात मोटर असते, तिथे हे जमते. घरात एकमजली स्लॅबवरची टाकी असते आणि तिच्यातले पाणी जमिनीपासून जेमतेम 4 मीटर उंच असते, म्हणजे दाब 0.4 किलो. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्यामुळे 4 लिटरचा ड्रिपर इथे तासाला अडीच लिटर देतो आणि 2 लिटरचा सव्वा. पाणी कमी पडते ते यामुळे, ड्रिपर खराब असतो म्हणून नव्हे. टेप घेऊन बागेच्या जमिनीपासून टाकीच्या तळापर्यंतची उंची मोजावी आणि तोच दाब धरून हिशेब करावा; भरलेल्या टाकीचा धरू नये.

याच कारणाने पीसी म्हणून विकले जाणारे, दाब सांभाळणारे महाग ड्रिपर टाकीच्या पाण्यावर घेऊ नयेत. त्यांना नीट चालायला किमान अर्धा ते एक किलो दाब लागतो. आपल्याला साधा, उघडून साफ करता येणारा ड्रिपरच बरा. गच्चीवरच्या कुंड्या त्याच गच्चीवरच्या टाकीवर चालवायच्या असतील तर उंची एक मीटरच्या आसपासच मिळते. तिथे टाकी स्टँडवर चढवावी, नाहीतर छोटा पंप लावावा.

एक नमुना घेऊ. घरामागे 1.2 बाय 5 मीटरचे दोन वाफे, वीस कुंड्या, एक लिंबू, एक कढीपत्ता आणि दोन नारळ. या सगळ्यांना एकाच कॉकवर जोडणे ही सर्रास होणारी चूक. कुंडीला पुरेल इतके पाणी सोडले तर नारळ कोरडा राहतो, आणि नारळाच्या हिशेबाने सोडले तर कुंडीच्या बुडातून खत वाहून जाते. म्हणून टाकीकडून 25 मिमी पीव्हीसी पाइप आणावा, त्यावर मुख्य कॉक आणि पाऊण इंची, 120 मेशची (इंचाला 120 छिद्रे असलेल्या) जाळीची गाळणी बसवावी, आणि गाळणीच्या पुढे तीन वेगळे कॉक काढावेत: वाफे, कुंड्या, झाडे. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो, तो वीतभर तरी मातीखाली घालावा. गाळणीवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हे बसवतानाच पाहावे.

पाण्याचा अंदाज असा. ऐन उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज सुमारे 5 लिटर पाणी धरावे. 6 चौरस मीटरच्या वाफ्याला 30 लिटर झाले. वाफ्यात 60 सेंमी अंतरावर दोन इनलाइन, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेल्या, नळ्या घालाव्यात. ड्रिपर 30 सेंमीवर असतील तर एका वाफ्यात 34 ड्रिपर येतात. 2 लिटरचा ड्रिपर आपल्या दाबावर सव्वा लिटर देतो, म्हणजे तासाला सुमारे 42 लिटर, आणि रोजचा वेळ झाला पाऊण तास. 12 इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये दीड ते दोन लिटर लागते. ते 2 लिटरच्या ड्रिपरने सकाळी आणि संध्याकाळी चाळीस-चाळीस मिनिटांत द्यावे, कारण कुंडीतली भुसभुशीत माती एकदम दिलेले पाणी धरून ठेवत नाही. झाडाला पानांच्या छत्रीखालच्या जागेवरून मोजावे. तीन मीटर व्यासाची छत्री म्हणजे 7 चौरस मीटर, चौरस मीटरला साडेचार लिटरने सुमारे 32 लिटर. एवढ्या छत्रीच्या लिंबाला 4 लिटरचे चार ड्रिपर लावले तर आपल्या दाबावर सव्वातीन तास लागतात. मोठ्या नारळाला रोज 60 लिटर धरून 8 लिटरचे सहा ड्रिपर लावावेत, दोन तासांत काम होते. कोकणात हवेत ओल असल्याने हे आकडे थोडे खाली आणता येतात.

जमीन पाहून अंतर बदलावे. भारी काळ्या जमिनीत पाणी आडवे पसरते, तिथे ड्रिपर 40 ते 50 सेंमीवर चालतात आणि एक दिवसाआड पाणी पुरते. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत पाणी सरळ खाली जाते. तिथे 30 सेंमीच ठेवावे आणि रोज थोडे थोडे द्यावे.

आता जोडणी. नळी घेताना 16 मिमीची, काळी आणि आयएस 12786 छापलेली घ्यावी. वेटोळे दोन तास उन्हात टाकावे, म्हणजे नळी मऊ पडते. मग चाकासारखे घरंगळवत सोडावे. एका बाजूने ओढून काढले की पीळ पडतो, आणि पीळ पडलेल्या जागी नळी दुमडते. पीव्हीसीला भोक पाडण्याआधी ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) सोबत नेऊन त्याच मापाचा ड्रिल बिट आणावा. भोक अर्धा मिमी जरी मोठे झाले तरी तिथून कायमचे पाझरत राहते. भोकाच्या कडेची कीस बोटाने काढून टाकावी, तीच पुढे ड्रिपरमध्ये जाऊन बसते. नळी जॉइनरवर चढत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, जोड पुढे सुटतो.

ऑनलाइन, म्हणजे नळीला बाहेरून टोचायच्या, ड्रिपरसाठी भोक पंच या हत्यारानेच पाडावे. तापवलेल्या खिळ्याचे भोक गोल राहत नाही आणि ड्रिपर उन्हात उडून जातो. भोक नळीच्या वरच्या अंगाला असावे, इनलाइनचे ड्रिपरही वर तोंड करून ठेवावेत, म्हणजे तळाशी बसणारा गाळ त्यांच्यात शिरत नाही. नळी ताणून बसवू नये, किंचित नागमोडी सोडावी. रात्री गारव्याने ती आखडते आणि ताणलेली असली तर सकाळी जोड निघालेला सापडतो. या दाबावर एक नळी 15-20 मीटरपेक्षा लांब नेऊ नये. कुंडीला जाणारी 4 मिमीची मायक्रोट्यूब एक मीटरच्या आत ठेवावी.

लिंबाच्या खोडाला ड्रिपर टेकवू नये. खोड सतत ओले राहिले की डिंक्या रोग येतो, आणि मग झाडच हातचे जाते. ड्रिपर छत्रीच्या निम्म्या अंतरावर गोल मांडावेत; नारळाला खोडापासून एक मीटरवर.

सगळे जोडल्यावर टोके लगेच बंद करू नयेत. पाणी सोडून आधी मुख्य पाइप आणि मग एकेक नळी, स्वच्छ पाणी येईपर्यंत पाच मिनिटे धुवावी, आणि नंतर एंड कॅप लावावी. पुढची तपासणी टाळू नये. कॉकजवळचा, मधला आणि शेवटचा अशा तीन ड्रिपरांखाली वाट्या ठेवून घड्याळ लावून सहा मिनिटे पाणी धरावे. मिलिलिटरला दहाने गुणले की तासाचा प्रवाह मिळतो: 250 मिली भरले तर अडीच लिटर. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नळी लांब झाली आहे, कुठे दुमडली आहे किंवा चढावर गेली आहे. वेळेचा हिशेब या वाटीवरून करावा, पाकिटावरच्या आकड्यावरून नव्हे. दोन तासांनी ड्रिपरशेजारी खुरप्याने वीतभर उकरून पाहावे. मुठीत दाबल्यावर मातीचा गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये.

गाळणी आठवड्यातून एकदा उघडून जाळी ब्रशने धुवावी. परत बसवताना रबरी रिंग राहिली तर पाणी जाळीला वळसा घालून जाते आणि गाळणी असून नसल्यासारखी होते. बोअरचे पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. असे ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावेत. याहून तीव्र आम्लाचे प्रयोग घरी करू नयेत, आणि कोणतेही आम्ल व ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र आणू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. हिरवट चिकट थर दिसला तर टाकीत शेवाळ आहे. टाकीचे झाकण घट्ट बसवावे, ऊन आत जाता कामा नये.

खत ठिबकातून देण्याचा मोह बहुतेकांना होतो. पाण्याच्या प्रवाहाने खत ओढून घेणारी व्हेंच्युरी टाकीच्या दाबावर ओढत नाही, आणि घरच्या पिण्याच्या टाकीत खत मिसळायचा प्रश्नच नाही. बागेसाठी वेगळा 200 लिटरचा ड्रम उंचावर असेल तर त्यात लिटरला एक ग्रॅम 19:19:19 हे विद्राव्य खत विरघळवावे आणि शेवटी पंधरा मिनिटे साधे पाणी सोडावे. कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 ही खते एकत्र केली तर पांढरा साका बसतो, नळ्या बुजतात. जीवामृत आणि शेणाची स्लरी कितीही गाळली तरी चोथा राहतोच. ती मग्याने बुडाशी घातलेली बरी.

टायमर घेताना दुकानदाराला एकच विचारावे: शून्य दाबावर चालतो का? सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारे, बरेच टायमर कमी दाबावर उघडत नाहीत. बॉल व्हॉल्व्हचे चालतात. गावाला जाण्याआधी त्याच्या बॅटऱ्या बदलाव्यात.

अनुदानाबद्दल: प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळते, पण ते सातबारा असलेल्या शेतीसाठी. अंगणातल्या बागेला लागू होत नाही.

उन्हाळ्यात खारी आणि उंदीर पाण्यासाठी नळी कुरतडतात. बागेत एका बाजूला पाण्याचे पसरट भांडे भरून ठेवल्यास उपद्रव कमी होतो, आणि नळ्यांवर दोन-तीन इंच पालापाचोळा टाकल्याने त्या ऊन व दात दोन्हींपासून वाचतात. जूनमध्ये पाऊस लागला की टोके उघडून नळ्या रिकाम्या कराव्यात, गाळणी काढून सुकवावी, वाफ्यातल्या नळ्या गुंडाळून घरात टांगाव्यात आणि टोकांना बूच मारावे. उघड्या नळीत मुंग्या माती भरतात.