पाणी खराब झालं तर कोण कोणाला फोन करणार, हे मे महिन्यातच ठरवा

ठाण्यात कोणालाही विचारा तुमच्या नळाला पाणी कोणाचं, तर तो म्हणेल महापालिकेचं. पण शहरात महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी आहे, एमआयडीसीचं आहे आणि मुंबई महापालिकेकडूनही येतं. नवी मुंबईत मोरबे धरण पालिकेचं स्वतःचं, शुद्धीकरण भोकरपाड्याला, तरी दिघा-ऐरोलीच्या पट्ट्यात एमआयडीसीचं पाणीही येतं. म्हणून तयारीतलं पहिलं काम मीटिंग नाही, नकाशा. कुठली टाकी, तिला पाणी कोणाचं, पुढे कुठल्या सोसायट्या नि कुठल्या चाळी, मधला व्हॉल्व कुठे आणि त्याची चावी कोणाकडे, हे एका कागदावर पाहिजे. हे सगळं व्हॉल्वमनच्या डोक्यात असतं, आणि तो रजेवर गेला की शहर आंधळं होतं, म्हणून त्याला शेजारी बसवून नकाशा काढा, साहेबांना नाही.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यातच गेली. एका पावसाळ्यात शटडाऊननंतर एका वसाहतीत वासाचं पाणी आलं, रहिवाशांनी एका ऑफिसला फोन केला, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी सांगितलं लाईन आमची नाही, आणि आरोग्यवाल्यांना कळलं ते चौथ्या दिवशी, तेही गल्लीतल्या डॉक्टरकडे जुलाबाच्या मुलांची रांग लागली तेव्हा. पाणी खराब होण्यापेक्षा ते चार दिवस मला जास्त लागले आणि अजून लागतात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडातलं वॉकरटन पाचेक हजार वस्तीचं गाव, मे २००० मध्ये तिथल्या पाण्यात ई. कोलाय हा पोट बिघडवणारा जंतू शिरला. लॅबचा रिपोर्ट १७ तारखेला पाणी खात्याकडे आला होता पण आरोग्य खात्याने विचारलं तर पाणी ठीक आहे असं उत्तर मिळालं, शेवटी २१ तारखेला आरोग्य खात्याने स्वतःच्या जबाबदारीवर उकळून प्या असं जाहीर केलं. ७ माणसं गेली, सुमारे २३०० आजारी पडली. म्हणून लॅबशी लेखी ठरवा की खराब रिपोर्ट एकाच वेळी दोघांना जाणार, पाणी खात्याला आणि आरोग्य अधिकाऱ्याला, आणि तोही फोनवर, फाईलमधून नाही.

आता फोनची यादी. माणसांची नावं लिहू नका, बदल्या होतात, पद आणि चोवीस तास चालू असलेला नंबर लिहा. पाणी खातं, आरोग्य, आपत्ती कक्ष, जिल्ह्याचा १०७७, ज्यांच्याकडून पाणी घेतो ती संस्था, फायर ब्रिगेड, पोलीस, आणि टीटीसी पट्टा (ठाणे-बेलापूरची औद्योगिक वसाहत) असेल तर एमपीसीबी (प्रदूषण नियंत्रण मंडळ) आणि डिश (कारखान्यांची सुरक्षा बघणारं खातं) पण, कारण केमिकलचा संशय आला की काय सांडलं असेल हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. फायर ब्रिगेड विसरू नका, तुम्ही व्हॉल्व बंद केला आणि त्याच रात्री आग लागली तर टँकर कुठून भरायचा हे त्यांना माहीत पाहिजे.

सगळ्यात अवघड प्रश्न, पाणी बंद कोण करणार? रात्री दोन वाजता ड्युटीवरचा इंजिनीअर घाबरतो, उगाच बंद केलं म्हणून मेमो येईल. त्याला आधीच लेखी अधिकार द्या. लॅबचा रिपोर्ट यायला किमान एक दिवस जातो, पण ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघायची) दोन मिनिटांत होते. नळाच्या टोकाला क्लोरीन ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) तरी पाहिजे. तो शून्य आणि पाण्याला वास किंवा रंग, एवढं पुरेसं आहे, व्हॉल्व बंद, मग चर्चा.

लोकांना काय सांगायचं तेही आधीच छापून ठेवा, आणि एक नाही, तीन मजकूर. पहिला, उकळून प्या: ड्रेनेज मिसळलं असेल तर. दुसरा, पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, बाकी वापरा. तिसरा, हातही लावू नका. यात गोंधळ झाला तर जीवावर बेतेल, कारण केमिकल उकळून जात नाही, काही वेळा पाणी आटून उलट जास्त तीव्र होतं. काय मिसळलंय ते कळेपर्यंत तिसराच मजकूर लावा. मराठी आणि हिंदी दोन्हीत, वॉचमनला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि रिक्षावर भोंगा लावून फिरवा, सगळ्यांकडे व्हॉट्सअॅप नसतं. खाली कोणत्या खात्याची सही हे पण आधी ठरवा, नाहीतर दोन खात्यांचे दोन मेसेज फिरतात आणि लोक दोन्हीवर विश्वास ठेवत नाहीत.

नमुना घ्यायच्या बाटल्या वॉर्डातच ठेवा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते, आत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं, नाहीतर नमुन्यातला क्लोरीनच बाटलीत जंतू मारतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत लॅबला. केमिकलची बाटली वेगळी. कोणी मुद्दाम काही टाकल्याचा संशय असेल तर पोलिसांसमोर सील करा.

टँकरचा हिशोब सोपा आहे, माणशी दिवसाला १५ लिटर धरलं तर दहा हजार वस्तीला दीड लाख लिटर, म्हणजे १० हजारी टँकरच्या १५ फेऱ्या. हे टँकर कुठून भरणार आणि प्रत्येकात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कोण टाकणार? चांगली पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, वर अर्धा तास थांबायचं, आणि उघडी पडलेली जुनी पावडर कमजोर झालेली असते हे लक्षात ठेवा. पहिला टँकर हॉस्पिटलला. डायलिसिस सेंटरची यादी वेगळी ठेवा, कारण आपण लाईन साफ करायला क्लोरीन वाढवतो तो त्या पेशंटच्या रक्तापर्यंत पोचू शकतो, त्यांना आधी फोन गेलाच पाहिजे.

पाणी सुरू करताना घाई नको. लाईनमधलं पाणी वॉशआऊटमधून (लाईन रिकामी करायच्या व्हॉल्वमधून) सोडून द्या, सोसायट्यांना खालची-वरची दोन्ही टाक्या धुवायला लावा (हे नेहमी राहतं, आणि खराब पाणी टाकीतच बसून राहतं), आणि सलग दोन दिवसांचे नमुने चांगले आल्यावरच आधीची नोटीस मागे घ्या.

आरोग्य खात्याने मात्र त्यानंतरही फाईल बंद करू नये. दिल्लीत १९५५ मध्ये नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेतून वझिराबादच्या पाणी उपशापर्यंत आलं, पाणी खात्याने क्लोरीन वाढवला, पण काही आठवड्यांनी काविळीची लाट आलीच, २९ हजारांवर लोक. हिपॅटायटिस ई, म्हणजे खराब पाण्यातून होणारी अशी कावीळ, दोन ते दहा आठवड्यांनी दिसतो आणि गरोदर बायकांना तो फार वाईट. तेव्हा आशाताईंना त्या भागातल्या गरोदर बायकांची यादी द्या आणि अडीच महिने त्या घरांवर लक्ष ठेवायला सांगा.

या सगळ्याची ड्रिल मे मध्ये करा, पावसाळ्याआधी. हॉलमध्ये चहा-बिस्किटं नको, रविवारी पहाटे यादीतला प्रत्येक नंबर खरंच लावून बघा, कोणी उचलतंय का. आणि एक माणूस चावी घेऊन व्हॉल्वपर्यंत पाठवा. डांबरीकरणात चेंबर पुरलं गेलं असेल तर ते त्याच दिवशी कळलं पाहिजे.