जुनी फियाट हीट होते? नवीन पंखा घेण्याआधी हे बघा

"फियाट आहे, गरम होणारच" हे मी इतक्या गॅरेजमध्ये ऐकलंय की आता वादच घालत नाही. पण विचार करा ना, हीच फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, काळी-पिवळी होऊन मे महिन्यात दादरच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर पळायची, शेवटच्या टॅक्स्या तर ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना १०८९ सीसीच्या त्या इंजिनला कूलिंग पुरेसं होतं, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्याची वाट आपण लावली. आमच्याकडे बाबांच्या वेळची पद्मिनी आहे आणि ती खंबाटकीत दोनदा उकळली तेव्हा मी पण आधी इलेक्ट्रिक पंखाच बसवायला निघालो होतो, दोष निघाला भलताच.

तर पहिलं काम म्हणजे गाडी कधी गरम होते ते बघा. सिग्नलला उभी असताना टेम्परेचरचा काटा चढतो आणि हायवेला लागली की उतरतो, तर हवा कमी पडतेय. बेल्ट ढिला असेल, जाळीत कचरा असेल, किंवा रेडिएटरमागचं पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर कोणीतरी काढून फेकलं असेल (हे फार लोक करतात, आणि मग पंखा इंजिनचीच गरम हवा फिरवत बसतो). उलट ट्रॅफिकमध्ये ठीक पण घाटात किंवा ८० च्या वर हीट होते, तर पाणी नीट फिरत नाहीये नाहीतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किंवा कार्बोरेटरची भानगड आहे. एवढं जरी मेकॅनिकला नीट सांगितलंत तरी अर्धा दिवस वाचतो.

आमचा दोष रेडिएटरमध्ये होता. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत आलो, त्यातले क्षार नळ्यांमध्ये बसतात, गीझरच्या कॉइलवर बसतो ना तसाच पांढरा थर, आणि बाहेरून रेडिएटर एकदम चकाचक दिसतो. तपासायला सोपं आहे, इंजिन गरम करून बंद करा आणि जाळीवर समोरून हात फिरवा (पंख्यापासून लांब), मधेच कुठे गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या जाम आहेत. नुसतं फ्लशिंग करून जुना थर जात नाही, रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून थर काढणं) करून घ्या, पितळ-तांब्याचा असल्यामुळे ते होतं आणि परत झाळता येतो. रेडिएटर तिकडे आहे तोवर इंजिनचा ब्लॉक पण उलट्या दिशेने पाणी मारून धुवा, आमच्यातून चहासारखं लाल पाणी पंधरा मिनिटं येत होतं.

नंतर भरायचं ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, त्यामुळे ३०-४० टक्के कूलंट बास, ते मुख्यतः गंज थांबवायला. जास्त घातलं म्हणजे जास्त गार असं नाही, साधं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. सांडलेलं लगेच पुसा, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे.

रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. त्याचं काम कुकरच्या शिट्टीसारखं, दर १ पीएसआय दाबामागे पाणी उकळायचं तापमान साधारण दीड डिग्रीने वर जातं. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि मग महाबळेश्वरला, जिथे साधं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं, तुम्ही बोनेट उघडून उभे. पण म्हणून नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण लावू नका हं, जुने झाळलेले जोड सुटतील.

थर्मोस्टॅटवर (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आमच्या ग्रुपमध्ये भांडणं होतात. बहुतेक मेकॅनिक तो काढून टाकतात. मुंबई-पुण्यात त्याने लगेच काही बिघडत नाही, पण बंद अडकलेला थर्मोस्टॅट सोडला तर तो काढून हीटिंग पण जात नाही, आणि थंडीत इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं. चांगला आहे का बघायचं तर दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि गॅसवर ठेवा, वर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला हवा. पातेलं जुनं घ्या, मी घरी बोलणी खाल्लीत.

बेल्ट अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. वॉटर पंपाखाली ओल दिसली किंवा पंखा धरून हलवल्यावर खडखड आली तर पंप गेलाच समजा. खालचा होज मऊ झाला असेल तर रेस केल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि पाणीच येत नाही, गाडी उभी असताना मात्र बिचारा गोल असतो, म्हणून रेस करून बघा.

आता टायमिंग, ज्याकडे हीटिंगसाठी कोणी बघतच नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (ठिणगीसाठी उघड-बंद होणारा स्विच) टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे जातं, ठिणगी उशिरा पडते, उष्णता कामाला न लागता हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग) आणि एक्झॉस्टमध्ये जाते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि कार्बोरेटरला ते कळायला सेन्सर नाही, मिक्श्चर पातळ होतं. जाणकाराकडून प्लगचा रंग बघून कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठरवून घ्या. आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडते पण काटा मधेच आहे, तर ते हीटिंग नाही, गाडीच्या फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ धरतेय, त्यावर ओलं फडकं टाका आणि दहा मिनिटं थांबा.

रस्त्यात उकळलीच तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा तास झाकणाला हात लावू नका. गार पाण्याची बादली इंजिनवर ओतणारे हितचिंतक येतील, त्यांना लांब ठेवा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकतं किंवा तडकतं. नंतर घरी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण काढून स्टार्ट करा आणि पाण्यात बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे चालतात, पण थांबतच नसतील किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल असेल तर हेडखालचं गॅस्केट उडालंय, मग हेड काढून फेसिंग (मशीनवर सपाट करणं) केल्याशिवाय नवीन गॅस्केट टाकू देऊ नका.