कोरफडीच्या गराची पावडर करताना मशीनआधी काय बघावं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कोरफडीच्या गराची पावडर हा विषय घेतला तेव्हा माझं सगळं लक्ष फ्रीज ड्रायरवर, म्हणजे गोठवलेल्या गरातल्या बर्फाची व्हॅक्यूममध्ये थेट वाफ करून तो वाळवणाऱ्या मशीनवर होतं. तापमान किती, व्हॅक्यूम किती, किती तास लागतील, यातच पहिले दोन महिने गेले. नव्याने या विषयात येणाऱ्यांना मी आधी सुरी नीट चालवायला शिका म्हणेन.

पात कापली की सालीखालून पिवळा चीक सुटतो. त्यात ॲलोइन असतं, ते कडू आणि रेचक. पात कापलेल्या बाजूने खाली उभी धरून चीक पूर्ण निथळू द्या, मगच साल काढा आणि गर धुवा. इथे घाई केली तर पावडर पिवळट येते आणि कडवटपणा तिच्यातच राहतो. मशीन फक्त पाणी काढतं.

गरात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे २०० ग्रॅम गरातून दोनेक ग्रॅम पावडर मिळते. सगळा जीव आहे तो तेवढ्यातल्या ॲसिमॅननमध्ये. ही मॅनोज साखरेची लांब साखळी, तिला जागोजागी ॲसिटिल गट चिकटलेले. ते गट गळाले की साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि पाण्यात नीट विरघळत नाहीत.

हे मला दोन बीकरांनी शिकवलं. एकाच दिवशी तोडलेल्या पातींचा गर दोन भागांत केला. एक तसाच गोठवला. दुसरा एन्झाइम आणि जंतू मरावेत म्हणून ८० अंशांवर बराच वेळ तापवून मग गोठवला. मशीन एकच, ट्रे शेजारी शेजारी. दोन्ही पावडरी पांढऱ्या, हलक्या. तापवलेली तर जरा जास्तच स्वच्छ दिसत होती. पाण्यात टाकल्यावर मात्र पहिली फुगली, बुळबुळीत झाली, चमचा उचलला की तार यायची. दुसरी तळाशी बसली आणि वर पाणी पातळच राहिलं. तिच्या इन्फ्रारेड आलेखात १७४० cm⁻¹ च्या आसपासचं ॲसिटिलचं शिखरही बसलेलं होतं, म्हणजे ते गट गळाले होते. म्हणून उष्णता द्यावीच लागली तर थोडा वेळ द्या आणि लगेच थंड करा. पाती तोडून ठेवल्यानेही साखळ्या तुटत जातात, त्यामुळे शक्यतो त्याच दिवशी गर काढा.

गोठवण्यात देवघेव आहे. सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशीभित्तिका फाटतात, पण छिद्रं मोठी राहून वाफ पटकन निघते. झटपट गोठवलं तर छिद्रं बारीक आणि वाळायला वेळ जास्त. दाब ६.१ मिलिबारच्या बराच खाली हवा, नाहीतर बर्फाची थेट वाफ होत नाही. मशीनमध्ये ट्रे ज्यावर ठेवतो त्या शेल्फचं तापमान घाईने वाढवू नका. मी एकदा वाढवलं आणि स्पंजासारखा यायला हवा तो थर आक्रसून ट्रेला चिवट पापुद्रा होऊन चिकटला. ती बॅच टाकून द्यावी लागली.

दळतानाही पावडर तापते, म्हणून थांबून थांबून दळा. दमट हवेत ती काही मिनिटांत गोळा होते, तेव्हा बाटल्या आणि डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) आधीच तयार हवेत. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मिसळलं की गुठळ्या कमी होतात, पण तेवढ्या वजनात ॲसिमॅननचा वाटाही घटतो. विकतच्या पावडरशी तुलना करताना आधी तिच्यात माल्टोडेक्स्ट्रिन किती आहे हे शोधून काढा.