नान्नजचं माळरान बघायला जाताय? मग हे वाचून जा

सोलापुरात कुणालाही म्हणा की रविवारी जंगल बघायला जाऊ, समोरचा लगेच दांडेली नाहीतर ताडोबाचं नाव काढतो, आणि इथं आपल्या उशाला, बार्शी रोडवर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजला माळढोक या दुर्मिळ, मोठ्या माळरानी पक्ष्यासाठीचं अभयारण्य आहे ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. जे जातात त्यातलेही बरेच जण गाडीतून उतरतात, चार फोटो काढतात, "काही नाही हो, नुसतं गवत आहे" म्हणत वडाळ्याला चहा प्यायला निघून जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं. इथलं जंगल म्हणजे ते गवतच आहे, फक्त ते कसं बघायचं हे कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. 1979 ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याची हद्द सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होती, गावंच्या गावं शेतांसकट आत, नंतर ती कमी करून 1,222 च्या आसपास आणली. आजही ते सलग नाहीये, नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा असे माळाचे तुकडे आणि मध्ये लोकांची ज्वारी, तूर, ऊस. त्यामुळं आपण वनखात्याच्या जागेत आहोत का कुणाच्या रानात हे सतत लक्षात ठेवा, बांध ओलांडायच्या आधी विचारा. नान्नजला वनखात्याच्या ऑफिसात परवानगी घ्यायची, वेळ आणि फी तिथंच विचारायची आणि कुठं पायी फिरायला चालतं, कुठं नाही तेही त्यांच्याकडूनच ऐकायचं. वनमजूर सोबत मिळाला तर नक्की घ्या, ती माणसं रोज पहाटेपासून त्याच माळावर असतात, आपल्याला दुर्बिणीतून जे दिसत नाही ते त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

कधी जायचं? पाऊस पडून गेल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरला माळ हिरवा असतो आणि चंडोल, लावे, तित्तर सगळे घरट्यांच्या गडबडीत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मला सगळ्यात आवडतो, गवत सोनेरी झालेलं असतं, ऊन सुसह्य असतं आणि बाहेरच्या देशातले पाहुणे आलेले असतात. उन्हाळ्यात पारा 42-43 ला टेकतो, तेव्हा जायचं तर सूर्य उगवताना तिथं असा आणि नवाच्या आत सावलीला या. पण एप्रिल-मे मध्ये एक गोष्ट बघण्यासारखी असते, छोटा मातकट सरडा दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो आणि त्यात निळा, काळा, केशरी रंग चमकतो. माद्यांना दाखवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला हा सगळा थाट असतो.

आता वाटा आणि खुणा. सपाट माळावर माणूस डोंगरापेक्षा लवकर चुकतो कारण चारी बाजूंनी सगळं सारखंच दिसतं, म्हणून निघतानाच मागं वळून बघा, निरीक्षण मनोरा कुठल्या बाजूला आहे, एकटी बाभळ कुठंय, पाझर तलावाचा बांध कुठंय हे डोक्यात बसवा आणि गाडी लावलेल्या जागेचं लोकेशन मोबाईलमध्ये सेव्ह करा. पायाखालच्या वाटाही वाचता येतात. शेजारी शेजारी बारीक पाच-सात रेघा पळताहेत म्हणजे मेंढरांची वाट, ती शेवटी पाण्याला नाहीतर मेंढरांच्या वाड्यावर जाते. दोन चाकोऱ्या म्हणजे गाडीवाट, तीवरनंच चालत राहिलात तर सगळ्यात बरं, कारण गवतात कुठं कुणाचं अंडं आहे हे आपल्याला कळत नाही.

मुरमावर एका ठिकाणी लेंड्यांचा पसरट ढीग दिसला, जुन्या वाळक्या लेंड्यांवर ताज्या काळ्या, तर समजा ही काळवीट नराची हद्द आहे, तो रोज त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो आणि बाकीच्या नरांना कळतं की इथं मालक आहे. जवळपास नजर फिरवा, पीळदार शिंगांचा काळा-पांढरा नर बहुतेक उभाच असतो आणि माद्या, पिल्लं फिकट तपकिरी रंगात गवतात मिसळलेली असतात. ओढ्याच्या बारीक मातीत किंवा पाणवठ्याच्या काठावर पंजे शोधा, नखं उमटली असतील तर कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड यातलं कुणीतरी, नखं नसतील तर रानमांजर. लांडगा आणि कुत्रा पंज्यावरून ओळखणं अवघड जातंय, पण चाल बघा, कुत्रा इकडंतिकडं हुंगत भटकतो आणि लांडग्याचे ठसे बहुतेक वेळा एका रेषेत सरळ जातात. केसांनी भरलेली, वाळून पांढरट झालेली विष्ठा दिसली तरी लांडग्याची शक्यता धरा. धनगर भेटले तर "राम राम मामा" करून दोन मिनिटं थांबा, लांडगा काल कुठं होता हे त्यांना माहीत असतं, त्यांच्या मेंढरांचा प्रश्न असतो तो.

आणि बसा. खरंच सांगतो, माळ चालून जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट बसून दिसतो. वारा आपल्या तोंडावर येईल आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा बघायची आणि अर्धा तास हलायचं नाही. आधी काहीच नसतं, मग डोंबारी चंडोल सरळ वर चढून शीळ घालत खाली झेपावतो, मग लक्षात येतं की समोरचा मातीचा गोळा म्हणजे धाविक पक्षी आहे, चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. हिवाळ्यात गवताच्या शेंड्यांना लागून पंख व्ही आकारात धरून तरंगत जाणारा पक्षी दिसला तर तो भोवत्या, थेट मध्य आशियाच्या बाजूनं आलेला, दिवसभर नाकतोडे, उंदीर शोधतो आणि संध्याकाळी गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतो. त्याच गवताला लोक पडीक जमीन म्हणतात! झाडं लावायच्या नादात माळावर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून ठेवलं गेलं, त्यानं उघड्या रानात राहणाऱ्या पक्ष्यांचं भलं झालं नाही. माळावर रोपं घेऊन वृक्षारोपणाला येऊ नका एवढी विनंती आहे, हौस असेल तर आपल्या कॉलनीत लावा.

गवतातलं एक तरी ओळखायला शिका. पँटला आणि सॉक्सला जी टोचरी काळपट कुसळं चिकटतात ती कुसळी गवताची. एक कुसळ सोडवून तळहातावर ठेवा आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाका. थोड्या वेळात शेपटीचा पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ हातावर आपोआप फिरतं. पहिल्या पावसात बी असंच फिरत फिरत जमिनीत घुसतं. लहान पोरं बरोबर असतील तर हे दाखवाच.

माळढोकाबद्दल स्पष्ट बोलतो. तो बघायचाच या हट्टानं येऊ नका. देशभरात मिळून 150 च्या आसपास पक्षी उरलेत असं मानतात, नान्नजला तर आता दिसला तर नशीब. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, मादी जमिनीवर एकच अंडं घालते, नजर बाजूला जास्त आणि समोर कमी त्यामुळं उडताना विजेच्या तारा दिसत नाहीत आणि धडकतो. दिसला तर जागीच थांबा, जवळ जाऊ नका, आणि फोटो टाकलात तरी जागा सांगू नका, स्टेटसला लोकेशन टाकलं की दुसऱ्या दिवशी गाड्या येतात. ड्रोन तर अजिबात नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तिची अंडी जवळ आहेत, मुरमाच्या रंगाची असतात, दिसत नाहीत, आल्या पावली मागं फिरा.

सामानात माणशी दोन लिटर पाणी, टोपी, घोटा झाकणारे बूट, मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, खराब होत नाही आणि कचराही होत नाही. दगड उलटू नका, फुरसं आणि घोणस दोन्ही या भागात आहेत, चावलंच तर कापाकापी, बांधाबांधी न करता माणसाला शांत ठेवून गाडीत घालून सरळ सोलापूरला सिव्हिल गाठायचं. जानेवारीनंतर गवत कोरडंठक्क असतं, बिडी-सिगारेट गाडीतसुद्धा नको. जखमी प्राणी दिसला तर हात न लावता वनखात्याच्या 1926 वर फोन करा.

संध्याकाळी परतताना गाडी हळू काढा, त्या वेळी काळविटांचे कळप माळावरून शेतांकडं रस्ता ओलांडतात आणि एक गेलं की मागं अजून चार असतातच, तेव्हा पहिलं पार झालं म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नका, लाईट डिपर करून थांबा.